डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या

दोस्तांनो, आपल्याकडे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, हो ना? पण पुण्याजवळच्या तळेगावात काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून हजारो गाड्या अशा बाहेर पडत, ज्यांचं स्टिअरिंग होतं चक्क डावीकडे! त्या आपल्या रस्त्यांसाठी नव्हत्याच मुळी. जहाजात बसून त्या निघायच्या मेक्सिकोला. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते ना!

गाडी होती 'शेव्हरोले बीट' आणि कारखाना अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा. ही कंपनी भारतात काही नवखी नव्हती. १९२८ मध्येच तिने मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली होती. पुढे १९५०च्या दशकात ते काम थांबलं. १९९०च्या दशकात ती परत आली, गुजरातेत हालोलला 'ओपेल अॅस्ट्रा' बनवू लागली. २००३ मध्ये 'शेव्हरोले' हे नाव आलं. बाबांना किंवा काकांना विचारा, लग्नाच्या वऱ्हाडात 'टवेरा'त दाटीवाटीने बसल्याचं त्यांना नक्की आठवेल. २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला.

मग बिनसलं कुठे? २०११ साली कंपनीने भारतात लाखाहून जास्त गाड्या विकल्या होत्या. २०१६-१७ मध्ये तो आकडा आला सुमारे २६ हजारांवर. मधल्या काळात, २०१३ मध्ये, धुराच्या नियमांत न बसणाऱ्या एक लाख चौदा हजारांच्या आसपास टवेरा परत बोलवाव्या लागल्या होत्या. शिवाय आपल्याकडे गाडी घेताना माणूस आधी विचारतो, 'अॅव्हरेज किती? विकायला काढली तर किंमत येईल का?' या परीक्षेत मारुती आणि ह्युंदाई कायम पुढे.

आता कारखान्याचं गणित पाहा. गाड्या कमी विकल्या म्हणून यंत्रांचा, विजेचा, पगाराचा खर्च तेवढा कमी होत नाही. प्रत्येक गाडीवर तो बोजा वाढतच जातो. म्हणून २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की वर्षअखेरीस भारतातली विक्री बंद. हालोलचा कारखाना गेला चीनच्या 'साइक' कंपनीकडे. तिथे पुढे 'एमजी'च्या गाड्या बनू लागल्या. तळेगाव मात्र चालू राहिलं, कारण २०१६-१७ मध्ये निर्यात झाल्या होत्या जवळजवळ ७१ हजार गाड्या!

पण डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. चीनच्याच 'ग्रेट वॉल' कंपनीशी जानेवारीत विक्रीचा करार झाला होता. तेवढ्यात एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली. ती काही मिळाली नाही, आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला.

या सगळ्यात सर्वांत जास्त होरपळले ते हजाराहून अधिक कामगार. २०२१ मध्ये त्यांना 'ले-ऑफ' मिळाला, म्हणजे काम नाही आणि हातात पगाराचा काही भागच. यंत्रं झाकून ठेवता येतात हो, पण मुलांची फी थोडीच थांबते! कामगार संघटनेने कोर्टात दाद मागितली, लढा बराच काळ चालला.

शेवटी ह्युंदाईने २०२३ मध्ये करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ताब्यात घेतला. त्या करारात जमीन, इमारती आणि काही यंत्रं होती. २०२५ मध्ये तळेगावातून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या.