आखडलेला खांदा : स्वरूप आणि उपचार

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा, अशी सूचना शाळेकडून आली, तेव्हा एक वैद्यकीय व्यावसायिक म्हणून मी शिक्षकवर्गाच्या व पालकांच्या नित्य परिचयाचा विकार निवडला. खडू धरलेला हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत न पोहोचणे, मागे हात नेऊन अंबाडा घालता न येणे, रात्री त्या कुशीवर निजता न येणे, ही या विकाराची ओळख. चाळिशी ते साठी या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, तो अधिक आढळतो.

सुश्रुतसंहितेत वर्णिलेला ‘अवबाहुक’ हा वातव्याधी याच्याशी बराच जुळतो. आधुनिक वैद्यकात ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव बोस्टनचे शल्यविशारद डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. मूळ दोष सांध्याच्या आवरणात आहे, हे डॉ. नेव्हिएझर यांनी १९४५ साली दाखवून दिले.

हे आवरण म्हणजे सांध्याभोवतीची एक सैल पिशवी होय. ती सैल असते म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो. या विकारात तिला प्रथम दाह होतो, मग ती जाड होऊन आकसते. हाड झिजलेले नसते; त्यामुळे क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते आणि रोग्याच्या तक्रारीवर घरातल्यांचा विश्वास बसत नाही. याची खूण निराळी आहे. कोपर अंगालगत ठेवून हाताचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूस वळवावा, तर तो वळत नाही. दुसऱ्याने धरून वळवला तरीही नाही. केवळ स्नायूची दोरी दुखावली असेल, तर दुसऱ्याच्या मदतीने हात बहुधा बराच हलतो.

विकाराच्या अवस्था तीन. पहिलीत वेदना प्रबळ असते आणि हालचाल उणावत जाते. दुसरीत वेदना ओसरते, पण ताठरपणा राहतो. तिसरीत खांदा हळूहळू मोकळा होतो. प्रत्येक अवस्था काही महिने चालते आणि सर्व मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात. बहुतेकांचा हात पुष्कळ सुधारतो. काहींच्या बाबतीत थोडा ताठरपणा मागे उरतो.

उपचार अवस्था पाहूनच ठरवावा लागतो. माझ्या मते सर्वांत घातक सल्ले दोन, आणि ते परस्परविरोधी आहेत. एक, हात झोळीत बांधून स्वस्थ बसावे. दुसरा, कितीही दुखले तरी कोणाकडून तरी ओढून, चोळून तो मोकळा करावा. पहिल्याने ताठरपणा वाढतो, दुसऱ्याने दाह. वेदनेच्या काळात वेदनाशामक औषधे, शेक आणि सोसवेल एवढीच हालचाल योग्य. पुढे वाकून हात लोलकासारखा सैल झुलविणे हा सोपा व्यायाम होय. याच काळात सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन पुष्कळांना आराम देते. वेदना ओसरल्यावर भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ताणाचे व्यायाम वाढवावेत.

एवढ्याने भागले नाही, तर भूल देऊन खांदा हलविणे किंवा दुर्बिणीतून आवरण मोकळे करणे हे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्हींची तुलना इंजेक्शनासह केलेल्या पद्धतशीर व्यायामोपचाराशी केली गेली. वर्षाअखेरीस कोणताही एक मार्ग इतरांहून निःसंशय सरस ठरला नाही. तेव्हा शस्त्रक्रियेची घाई नसावी.

मधुमेह्यांत हा विकार कित्येक पटींनी अधिक आढळतो. किंबहुना, खांदा धरला म्हणून रक्त तपासावे आणि आजवर लपलेला मधुमेह उघडकीस यावा, असेही घडते. म्हणून अशा प्रत्येकाने रक्तशर्करा तपासून घ्यावी. मधुमेह्याने इंजेक्शनानंतर काही दिवस साखरेवर विशेष लक्ष ठेवावे, कारण ती तात्पुरती वाढते. मात्र खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर व्यायामाचा विचार सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

गोठलेला खांदा बळाने सुटत नाही, तसा उपेक्षेनेही सुटत नाही. नेमके निदान, बेताचा पण नित्याचा व्यायाम आणि काही महिन्यांचा धीर, एवढे रोग्याने सांभाळावे. आणि घरच्यांनी त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.