चेंडू अडवणारा न्यायमूर्ती

अमेरिकन फुटबॉलमध्ये कौतुक बहुतेक वेळा चढाईची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकच्याच वाट्याला येतं. १९७१ मध्ये मात्र एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ॲलन पेज, मिनेसोटा व्हायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल! बचावफळीतल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता.

गंमत बघा, गडी जन्मला ओहायोतल्या कँटनमध्ये आणि फुटबॉलचं हॉल ऑफ फेम त्याच गावात. ती इमारत उभी राहत असताना पोरवयातला पेज तिथल्या बांधकामावर राबला होता. १९८८ मध्ये तिथेच त्याचा सन्मान झाला.

पण माझ्या लेखी खरा पेज पुढेच आहे. खेळता खेळता त्याने कायद्याची पदवी घेतली, तीही १९७८ मध्ये. धावण्याचा नाद लागून वजन घटलं, तेव्हा व्हायकिंग्जने त्याला सोडलं. मग १९८१ पर्यंत तो शिकागो बेअर्सकडून खेळला. १९९२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आला. (हो, तिथे न्यायाधीशही मतदानाने निवडतात!) त्या न्यायालयातला तो पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे २०१५ मध्ये निवृत्त झाला. गळ्यात कायम बो टाय, आणि मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याकडेला उभं राहून धावपटूंसाठी भलामोठा ट्यूबा वाजवायची हौस!