आठ वारांचा उन्हाळा

19 जुलै 2022 रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाप्रांतात, चार्टरहॉल इथे पारा 34.8 अंशांवर पोचला. त्या देशाच्या नोंदींतला हा उच्चांक. विदर्भातल्या माणसाला हा आकडा मार्चमधला वाटेल. पण याच सीमाप्रांतात, सेलकर्कच्या गिरण्यांत, किल्टचे, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याचे, कापड विणले जाते. ते ज्या हवेसाठी घडत आले तिच्यात भुरभुर पाऊस असतो, अंगावर येणारा वारा असतो, आणि जुलैची दुपारही वीस अंशांच्या आसपास रेंगाळते. ते कापड अंगावर चढवून चौतीस अंशांत उभे राहायचे म्हणजे काय, हा प्रश्न आता स्कॉटिश माणसाला घरबसल्या पडू लागला आहे.

परदेशी गेलेल्या स्कॉटिश कुटुंबांना तो फार आधी पडला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डनीडन नावाचे गाव आहे. एडिंबराच्या गेलिक नावावरून ते नाव आले. तिथे दर वसंतात हायलँड खेळ भरतात, पाइप बँड वाजतात आणि माणसे घामाच्या धारांत किल्ट घालून मिरवतात. अशा ठिकाणी नवा किल्ट शिवायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘सर्वांत हलके कापड कोणते?’ माझ्या मते ही सुरुवात चुकते. आधी वार विचारावेत, मग वजन.

‘वार’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपली साडी नऊवारी, तसा पुरा किल्ट आठवारी. आठ वार म्हणजे सुमारे 7.3 मीटर कापड. नऊवारी मात्र अंगभर फिरते, तर किल्टचे बहुतेक कापड पाठीमागे चुण्यांत कोंबलेले असते. पुढे पोटावर दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, आणि उरलेले सगळे मागच्या अर्ध्या घेरात जाते. नितंबांचा घेर 40 इंच धरा. पुढचे पदर आणि त्यांच्या कडेच्या चुण्या यांत पन्नास-पंचावन्न इंच जातात. आठ वार म्हणजे 288 इंच. राहिलेले 230 इंच वीस इंचांत बसवायचे! म्हणजे पाठीमागे कापडाचे सरासरी अकरा-बारा थर होतात. कमरेजवळ शिंपी आतले जास्तीचे कापड कापून काढतो, पण त्या जागी कॅनव्हास आणि सुती अस्तर येते. किल्ट घालणाऱ्याला विचारा, घाम सर्वांत आधी कुठे येतो. तो पाय दाखवणार नाही, पाठीचा कणा जिथे कमरेला भिडतो ती जागा दाखवेल.

वजनाचा हिशेबही असाच मांडता येतो. किल्टचे कापड औंसांत मोजतात. साधारण 54 ते 60 इंच पन्ह्याच्या एका वाराचे वजन किती, तो आकडा. 16 औंसांचे कापड भारी, 13 औंसांचे मध्यम, 10-11 औंसांचे हलके. आपल्या सुटिंगच्या भाषेत 16 औंस म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे 330 ते 360 ग्रॅम. हे मोठ्या पन्ह्याचे कापड मधोमध उभे फाडून दोन्ही पट्ट्या जोडतात, म्हणून आठवारी किल्टला चार वार पुरतात. भारी कापडाचा आठवारी किल्ट त्यामुळे सुमारे 1.8 किलोचा होतो आणि 11 औंसांचा आठवारी सव्वा किलोचा. भारी कापडाचाच, पण पाच वारांत शिवलेला किल्ट भरतो 1.1 किलो, आणि चार वारांचा 900 ग्रॅम. भारी कापडाचा पाचवारी हलक्या कापडाच्या आठवारीपेक्षा हलका पडतो. शिवाय मागचे थर अकरा-बाराऐवजी सहा होतात, चार वारांत तर चार-पाचच.

वार कमी केले की परंपरा मोडली, असे वाटणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिवलेल्या चुण्यांचा किल्ट रूढ झाला तेव्हा तो सुमारे चार वारांचाच असे, आणि चुण्या पेटीसारख्या रुंद असत. शिंपी त्यांना बॉक्स प्लीट म्हणतात. एकाच बाजूला झुकणाऱ्या अरुंद चुण्या गॉर्डन हायलँडर्स या पलटणीने 1853 मध्ये घेतल्या. पुढे त्याच सर्वत्र पसरल्या आणि चुण्यांबरोबर कापडही वाढत गेले. चारवारी किल्ट हा जुनाच घाट आहे. उन्हाळ्यासाठी तो परत वापरात आणणाऱ्या शिवणकारांचे मला फार कौतुक वाटते.

मग हलके कापड घेऊच नये का? घ्यावे, पण त्याची किंमत ओळखून. किल्टची सारी शोभा त्याच्या झोकात आहे. पाऊल पडले की चुण्या एका लयीत उघडतात आणि पाऊल थांबले की आपोआप मिटतात. हे घडते ते कापडाच्या वजनामुळे. 10 औंसांचे कापड वाऱ्यावर उडते. खुर्चीतून उठले की त्याच्या चुण्या चुरगळलेल्या दिसतात आणि इस्त्रीची धार संध्याकाळपर्यंत टिकत नाही. समुद्रकाठच्या गावात वारा हमखास असतो, तिथे हे कापड घेऊन पस्तावण्याचीच शक्यता जास्त. 13 औंसांचे लोकरी कापड आणि पाच वार, ही जोडी उष्ण हवेतल्या बहुतेकांसाठी मला योग्य वाटते. 11 औंसांकडे वळावे ते हवा दमट, निवांत असेल आणि कार्यक्रम घरात असेल तर.

‘लोकर आणि उन्हाळ्यात?’ हा प्रश्न आपल्याकडे लगेच येईल, कारण लोकर म्हटले की आपल्याला स्वेटर आठवतो. किल्टचे कापड त्या जातीचे नसते. ते वर्स्टेडचे, म्हणजे लांब तंतू विंचरून, सरळ करून, घट्ट पिळलेल्या सुताचे. त्याला लव नसते, स्पर्श गुळगुळीत आणि गार असतो. विणीत दोन धागे वर, दोन खाली, म्हणून तिरप्या रेषा उमटतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सर्वसाधारण हवेत सुती धाग्यात सुमारे साडेआठ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. लव असलेले ट्वीड मात्र उन्हाळ्यात टाळावे. ते हवा कोंडून ठेवते, आणि तेच त्याचे काम आहे.

पॉलिएस्टर-व्हिस्कोज, म्हणजे ‘पीव्ही’, आपल्या ओळखीचे आहे. शाळेच्या गणवेशाचे चौकडीचे स्कर्ट त्याचेच असतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गिरण्या किल्टसाठीही ते विणतात. त्यातले पॉलिएस्टर इस्त्रीची घडी धरून ठेवते, व्हिस्कोज घाम थोडा टिपते. घरी धुता येते आणि कसर लागत नाही. दमट गावात कपाटातल्या लोकरीला कसर लागायला एक पावसाळा पुरतो, म्हणून दर आठवड्याला किल्ट घालणाऱ्या वादकाने पीव्ही घेतले तर त्यात कमीपणा नाही. अ‍ॅक्रिलिक मात्र घेऊ नये. ते स्वस्त असते, पण ओलावा टिपत नाही आणि लवकरच त्यावर गोळे येतात.

सुती किल्टची गोष्ट वेगळी. 2000 मध्ये सिॲटलमध्ये सुरू झालेल्या युटिलिकिल्ट्सने जाड सुती कापडाचे, खिसेवाले किल्ट आणले. कामाला आणि भटकंतीला ते उत्तम. पण सुती चुणीची धार टिकवायची तर तिच्या कडेवरून टाके घालावे लागतात, मग तिचा मोकळा झोक जातो. लग्नात असा किल्ट शोभणार नाही.

खरे तर अंग तापते ते बऱ्याचदा किल्टने नाही, वरच्या लोकरी जाकिटाने, वेस्टकोटाने आणि गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यांनी. आधी ते उतरवावेत किंवा पातळ घ्यावेत. पोटऱ्यांच्या वरचा, गुडघ्यामागचा उघडा भागही विसरू नये. 11 डिसेंबर 1899 रोजी दक्षिण आफ्रिकेत मॅगर्सफाँटेनच्या लढाईत हायलँड ब्रिगेडचे किल्ट घातलेले स्कॉटिश सैनिक बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या, गोळीबाराखाली तासन्‌तास उन्हात पालथे पडून राहिले. त्यांच्या गुडघ्यांच्या मागची कातडी उन्हाने भाजून फोडांनी भरली. किल्ट त्या जागेला सावली देत नाही.

कापड पसंत करताना पुस्तकातला बोटभर नमुना पाहून ठरवू नये. अर्धा वार मागून घ्यावे. त्याच्या दोन-तीन चुण्या घालाव्यात, ओले फडके ठेवून कडक इस्त्री करावी, आणि भर दुपारी तासभर त्यावर बसून राहावे. मग उठून कापड वरच्या कडेने धरून झटकावे आणि चुण्या आपल्या आपण मिटतात का ते पाहावे.