टपाल नेमकं राहतं कुठे?

मागच्या लेखांकात ईमेलच्या पत्त्याचे दोन भाग पाहिले: 'अ‍ॅट'च्या आधीचं नाव आणि नंतरचं ठिकाण. त्या ठिकाणी आलेलं पत्र आपल्या हाती कसं पडतं, ते आज पाहू.

पत्र थेट फोनवर येत नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल. म्हणून ते आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर उतरतं आणि आपल्या खात्यात पडून राहतं. तिथवर ते पोचवण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ते लिहून काढले आणि सुधारणांसह ते आजही चालतात. सर्व्हरवरून पत्र आपल्याकडे आणण्याचे रस्ते मात्र वेगवेगळे आहेत.

जुना रस्ता पॉप, १९८४ सालचा. पोस्टातली पेटी उघडून टपाल घरी आणावं, तसा. त्यामागचं कारण समजायला १५ ऑगस्ट १९९५ आठवावा लागेल. त्या दिवशी विदेश संचार निगमनं मुंबईसह काही शहरांत सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. तास मोजून विकत घ्यायचे, वर फोनचं बिल. अशा वेळी लाइन जोडायची, पत्रं भराभर उतरवून घ्यायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं, हेच शहाणपणाचं होतं. पण उतरवलेलं पत्र सर्व्हरवरून पुसलं जाई. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक चौकट सेटिंगमध्ये असते. तिच्यावर खूण केली नसेल, तर पत्राची एकुलती एक प्रत तुमच्या संगणकात.

माझ्या काकांनी ती खूण कधीच केली नव्हती. २०१४ साली त्यांची हार्ड डिस्क गेली. मी घाईघाईनं ब्राउझरमधून त्यांचं खातं उघडलं, तर इनबॉक्समध्ये आदल्या रात्रीची तीन पत्रं. परदेशी असलेल्या लेकीशी आठ वर्षं चाललेला पत्रव्यवहार त्या डिस्कबरोबर गेला, असंच आम्ही धरून चाललो.

दुसरा रस्ता आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला. इथे मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं. फोन, लॅपटॉप, ऑफिसचा संगणक त्याच पेटीत डोकावतात. एकीकडे वाचलेलं पत्र सगळीकडे वाचलेलं दिसतं. आणि एकीकडे पुसलेलं सगळीकडून जातं! फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून मेल पुसत सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं होतं.

तिसरा रस्ता आपल्या सर्वांच्या ओळखीचा, ब्राउझरचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल ४ जुलै १९९६ला सुरू झालं आणि सायबर कॅफेत बसूनही स्वतःचं टपाल वाचता येऊ लागलं. २००४च्या १ एप्रिलला जीमेल आलं, तेव्हा त्यानं १ जीबी जागा देऊ केली. जुनी पत्रं पुसून जागा करायची सवय तिथून सुटत गेली.

आता जोडणी. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये शक्यतो आयमॅप निवडा. मोठ्या सेवांसाठी पत्ता टाकला की बाकीचं आपोआप भरलं जातं. हातानं भरायचं झालं, तर येणाऱ्या टपालाचा पोर्ट आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५. जाणाऱ्यासाठी बहुधा ४६५ किंवा ५८७. मेल येतात पण जात नाहीत, ही तक्रार असेल तर आधी हा शेवटचा आकडा तपासा. आणि पॉप सोडून आयमॅपकडे वळताना लक्षात ठेवा: संगणकात साठलेली जुनी पत्रं आपणहून सर्व्हरवर जात नाहीत. ती निवडून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये स्वतः ओढून टाकावी लागतात.

काकांच्या बाबतीत हेच कामी आलं. त्यांची लेक ब्राउझरमधूनच मेल वाचायची. काकांनी लिहिलेली पत्रं तिच्या इनबॉक्समध्ये होती आणि तिची 'सेंट'मध्ये. दिवाळीत ती घरी आली, तेव्हा नव्या लॅपटॉपवर दोघांची खाती आयमॅपनं जोडली आणि एका खात्यातली पत्रं दुसऱ्यात ओढली. मूळ तारखांसकट सगळी उतरली. काकांच्या मित्रांची पत्रं मात्र परत आली नाहीत.