एका संगणकात दोन बिऱ्हाडं

मुलगा इंजिनिअरिंगला असला, की घरातल्या संगणकात कधी ना कधी लिनक्स येऊन बसतंच. विंडोज काढून टाकावं, तर आई-बाबांची पंचाईत. म्हणून तो एकाच हार्ड डिस्कवर दोन्ही ठेवतो. पुढे नोकरी लागते, चिरंजीव पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात आणि डोंबिवलीच्या घरात मागे राहतो तो संगणक. सोसायटीचे हिशेब, डब्यांच्या ऑर्डरी, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे फोटो, सगळं त्यातच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. जुन्या संगणकाला विंडोज ११ पेलत नाही, म्हणून तुमच्यापैकी कुणी शेजारच्या मुलाकडून लिनक्स बसवून घेतलंही असेल.

मैत्रिणींनो, या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्या बाईला ती समजावून सांगायला नको. एक लांबट जागा, मध्ये पार्टिशन, अलीकडे एक बिऱ्हाड आणि पलीकडे दुसरं. हार्ड डिस्कच्या भागांनाही पार्टिशनच म्हणतात. कुणाची जागा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कवरच असते. ते पार्टिशन टेबल. आपल्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यासारखं समजा. आणि दाराशी ग्रब नावाचा रखवालदार असतो. संगणक सुरू केल्यावर ‘कुणाकडे जायचंय?’ म्हणून यादी दाखवतो तोच.

आता खरी भानगड इथे आहे. लिनक्सला विंडोजची लिपी वाचता येते, विंडोजला मात्र लिनक्सची येत नाही. त्यामुळे लिनक्सची भरलेली खोली विंडोजला नुसती बिननावाची जागा दिसते. एखाद्या वेळी तर ते सरळ विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू?’ प्रश्न इतका साळसूद असतो, की बोट आपोआप ‘हो’कडे जातं. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. विंडोजला वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. सामान गेलंय असा नव्हे.

दुसरा मोह जागेचा. सी ड्राइव्ह भरला, म्हणून तुम्ही ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडता. तिथे शंभरेक जीबीचा एक भाग विनाकारण पडून आहे असं वाटतं आणि तुम्ही तो काढून टाकता. जुन्या पद्धतीच्या संगणकात रखवालदाराचा निम्मा संसार त्याच भागात असतो. मग दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरं! विंडोज तेव्हाही शाबूत असतं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून त्याची वाट दुरुस्त करता येते, पण लिनक्सकडचे फोटो त्या भागाबरोबर गेलेले असतात. बरं, एवढं करून सी वाढतोच असंही नाही. विंडोजला सीच्या लगेच उजवीकडची मोकळी जागाच जोडून घेता येते. शेजारची खोली भिंत पाडून आपल्यात घेता येईल, गॅलरीच्या पलीकडची कशी घेणार? आणि शंभर एमबीच्या आसपासचा एक चिमुकला भाग दिसला, तर त्याला मुळीच हात लावू नका. तो बहुधा दोन्ही बिऱ्हाडांचा सामाईक जिना असतो.

चुकून भाग पुसला गेलाच, तर तिथल्या तिथे थांबा. नवं काही उतरवून घेऊ नका, फाइल परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर नको. संगणक बंद करा आणि जाणकाराला पेनड्राइव्हवरून ‘टेस्टडिस्क’ चालवायला सांगा. ते फुकट मिळतं. जुन्या हद्दीच्या खुणा शोधून ते उतारा पुन्हा लिहू शकतं. डिस्क एसएसडी प्रकारची असेल, तर फॉरमॅटनंतर आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करते.

कधी तुमचा काहीच हात नसतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरच्या अनेक संगणकांत लिनक्स उघडेनासं झालं. सामान जागच्या जागी होतं; सुरक्षेच्या नव्या नियमात जुना रखवालदार बसत नव्हता, इतकंच. कधी अपडेटनंतर यादी न दाखवता संगणक थेट विंडोजमध्ये शिरतो. तेव्हा सुरू करतानाच एफ १२ दाबून पाहा. काही कंपन्यांत एफ ९ किंवा एस्केप असतं. लिनक्सचं नाव तिथे सापडलं, तर निम्मी काळजी मिटली.

लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, हीही नेहमीची तक्रार. तिथे डिस्क बिघडलेली नसते, विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. लवकर सुरू होता यावं म्हणून २०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. बंद केलं तरी ते आवराआवर पूर्ण करत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढून टाका. तोवर शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा. (विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं, तर तेही दोन बिऱ्हाडांचंच भांडण. लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं.)

भागांचे आकार कुणी बदलणार असेल, तर आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ते झाल्याशिवाय त्याला खुर्चीवर बसू देऊ नका, मग तो स्वतःचा मुलगा का असेना! काम चालू असताना वीज गेली, तर अर्धं सामान इकडे आणि अर्धं तिकडे अशी गत होते, आणि वीज कशी जाते हे कल्याण-डोंबिवलीकरांना मी काय सांगावं? लॅपटॉप असेल, तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला. घरच्या संगणकाला यूपीएस हवाच.

आणखी एक. हल्लीच्या पुष्कळ संगणकांत विंडोजचा भाग कुलूपबंद असतो. त्याला बिटलॉकर म्हणतात. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये बदल झाला, की तो निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच काढा आणि गॅसचा ग्राहक क्रमांक लिहिता त्या वहीत उतरवून ठेवा.

मग संगणक ठाण्याच्या गोखले रोडवर न्या नाहीतर डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर, पण ‘चालू करून द्या’ एवढंच सांगून येऊ नका. चालू करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सगळं पुसून नवं विंडोज टाकणं. ‘दोन सिस्टिम आहेत, आतला डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्या आणि मगच संगणक काउंटरवर ठेवा.