आपलाच आवाज परत येतो तेव्हा...

परदेशी गेलेल्या मुलाचा फोन. आई म्हणते, "बाळा, जेवलास का?" आणि क्षणभराने तेच शब्द तिच्याच कानात परत! आई गोंधळते, थांबते. तेवढ्यात मोजकी मिनिटे संपतात. उपग्रहामार्फत लागणाऱ्या फोनवर असा प्रतिध्वनी डोकेदुखी ठरत असे. तो येतो कुठून?

घरच्या फोनच्या दोनच तारांवरून जाणारा आणि येणारा असे दोन्ही आवाज धावतात. लांबच्या प्रवासात मात्र त्यांचे मार्ग वेगळे असतात. हे मार्ग जिथे जोडले जातात तिथे 'हायब्रीड' नावाचे साधन असते. प्रत्येक घराच्या तारेची लांबी निराळी, त्यामुळे ही जोडणी तंतोतंत जुळत नाही. पलीकडून आलेला थोडा आवाज गळतो आणि बोलणाऱ्याकडे परततो.

गावातल्या गावात तो इतक्या झटपट परततो की जाणवत नाही. पण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर! आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रतिध्वनी परत यायला अर्धा सेकंद.

यावर आधीचा उपाय होता एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याची वाट बंद करण्याचा. पण दोघे एकदम बोलले की शब्द तुटत. मायलेकांच्या गप्पा काय पाळीपाळीने होतात?

१९६०च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये वेगळा मार्ग सापडला. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ मन मोहन सोंधी यांनी १९६७ साली त्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. युक्ती वजाबाकीची! यंत्र पलीकडून येणारा आवाज ऐकते, या तारेवर त्याचा प्रतिध्वनी कसा उमटेल याचा अंदाज बांधते आणि परत जाणाऱ्या आवाजातून तेवढाच भाग वजा करते. काही उरलेच, तर त्या चुकीवरून अंदाज सुधारते. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला नव्याने शिकते. वाट बंद होत नसल्याने दोघेही एकाच वेळी बोलू शकतात.

आज तारा मागे पडल्या, तरी ही वजाबाकी चालूच आहे. मोबाइलचा स्पीकर लावून आजी नातवाशी बोलते, तेव्हा स्पीकरमधला नातवाचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. तो वजा होतो म्हणूनच नातवाला ऐकू येते ती फक्त आजी.