अंतराळ-जहाजावरची मिया आणि एक मतदान



जहाज म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. पण मी आज ज्या जहाजाविषयी सांगणार आहे, ते पाण्यावर चालत नाही. ते ताऱ्यांच्या मधून फिरते. आमच्या बाईंनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक इंग्रजी विज्ञान कादंबरी आम्हांला मराठीतून सांगितली. तिचे नाव 'राइट ऑफ पॅसेज'. म्हणजे लहानपणातून मोठेपणात जाताना करायचा विधी. ही कादंबरी अमेरिकेतील लेखक अलेक्सी पॅनशिन यांनी लिहिली. ती १९६८ साली निघाली आणि तिला विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला.

गोष्ट पुढच्या काळातली, सन २१९८ ची आहे. पृथ्वीवर माणसे फार वाढली, युद्ध झाले आणि २०४१ साली पृथ्वी नष्ट झाली, अशी लेखकाने कल्पना केली आहे. वाचलेले काही लोक मोठमोठ्या जहाजांवर राहतात. बाकीच्यांना दूरच्या ग्रहांवर घाईघाईने नेऊन सोडलेले असते. मिया हॅव्हेरो ही बारा वर्षांची मुलगी अशाच एका जहाजावर राहते. हे जहाज म्हणजे आतून पोखरलेला एक प्रचंड खडक. त्यात घरे आहेत, शाळा आहे आणि एका मजल्यावर चक्क रानसुद्धा आहे!

आता तुम्ही विचाराल, बंद जहाजात माणूस जगेल कसा? हवा, पाणी, अन्न सगळे आतच पुरवावे लागते. काहीच वाया घालवून चालत नाही. ही नुसती कल्पना नाही बरं का! आपल्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे सतत राहत आली आहेत. तिथे घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पिण्याचे पाणी करतात. बाईंनी हे सांगितले तेव्हा सगळा वर्ग 'ईऽऽ' करून ओरडला.

जागा मोजकी, म्हणून मियाच्या जहाजावर माणसेही मोजकीच ठेवतात. तिथला नियम फार कडक आहे. मूल चौदा वर्षांचे झाले की त्याला एका परक्या ग्रहावर सोडायचे. तिथे एक महिना स्वतःच्या हिमतीवर काढायचा. जो जिवंत परतेल तो मोठा झाला, त्याला मत देण्याचा हक्क. म्हणून मुले आधीपासून घोड्यावर बसायला, निवारा बांधायला, शिकार करायला शिकतात.

जहाजावरच्या लोकांकडे पृथ्वीचे सगळे ज्ञान आहे. पण ते ग्रहांवरच्या लोकांना देत नाहीत. थोडेथोडे देतात, आणि त्याच्या बदल्यात माल घेतात. वर त्यांना 'चिखलखाऊ' म्हणून हिणवतात. ग्रहांवरचे लोकही जहाजवाल्यांना 'ओरबाडे' म्हणतात. मियासुद्धा आधी तसेच बोलायची. तिला वाटायचे, ही काय माणसे आहेत!

मग तिची पाळी येते. टिन्टेरा नावाच्या ग्रहावर तिला काही लोक मारहाण करतात. जहाजाला बोलावण्याचे तिचे यंत्रही जाते. तेव्हा तिला कोण वाचवते? तिथलेच एक म्हातारे आजोबा! ते तिला घरी नेतात, तिची सेवा करतात. ज्यांना ती चिखलखाऊ म्हणत होती, त्यांच्यातल्याच एकाचे अन्न खाऊन ती जगते.

मिया परतते. बरीच मुले मात्र परतत नाहीत. जहाजावर सभा भरते. टिन्टेराचे लोक धोकादायक आहेत, तिथे माणसे भरमसाट वाढतात, म्हणून तो ग्रहच नष्ट करावा, असा ठराव येतो. मियाचे वडील जहाजाचे प्रमुख असतात. ते ठरावाच्या बाजूने उभे राहतात. मिया वडिलांच्या विरुद्ध मत देते. पण ठराव पास होतो आणि तो ग्रह नष्ट केला जातो.

इथे बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सभेत असता तर? हात वर करा." खरे सांगतो, मी ग्रह नष्ट करण्याच्या बाजूने हात वर केला. मला मियाला मारणाऱ्यांचा राग आला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग त्या आजोबांचं काय?" माझा हात आपोआप खाली आला. मारणारे दोनचार होते. पण त्यांच्याबरोबर आजोबांसारखी माणसे आणि तान्ही बाळेही मरणार होती. ते माझ्या ध्यानातच आले नव्हते!

मला वाटते, मियाची खरी परीक्षा त्या महिन्यात झालीच नाही. ती झाली सभेत. रानात जगायला अंगात बळ लागते. पण आपलीच माणसे चुकत असताना 'नाही' म्हणायला त्याहून जास्त बळ लागते. आणि ज्ञान कुलपात ठेवून दुसऱ्याला अडाणी म्हणणे हा तर मोठाच अन्याय.

पालकहो, ही गोष्ट वाचून तुम्ही कुणाच्या बाजूने हात वर केला असता? घरी गेल्यावर आपल्या मुलांना जरूर सांगा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी